गोळी पोटात गेली की मळमळ: सुंठीचा डबा काढायच्या आधी काय काय बघायचं

मी मागावरचा जॉबर. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं झाली, माग का बंद पडला ते शोधायचं हाच धंदा. डॉक्टर नाही, वैद्य नाही, हे आधीच सांगतो. पण घरात आईची शुगर आणि थायरॉईड, बायकोच्या बाळंतपणातल्या रक्तवाढीच्या गोळ्या, आत्याचा केमो, मधे धाकट्या भावाची टीबीची सहा महिन्यांची ट्रीटमेंट, असं सगळं एकामागोमाग झालं आणि "गोळी घेतली की मळमळतंय" ही तक्रार इतक्या वेळा हाताळली की आता गल्लीतले पण विचारायला येतात.

येतात आणि पहिला प्रश्न एकच, आलं द्यायचं का सुंठ? मी म्हणतो थांबा की ओ, आधी गोळी कधी आणि कशी घेताय ते सांगा. धागा सारखा तुटतोय म्हणून कोणी आधी मोटर खोलत नाही. झाडपाल्याचा नंबर माझ्या यादीत पाचवा आहे, आणि बऱ्याचदा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

उलटीत रक्त, डोळे पिवळे, श्वास लागणं, असलं काही असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

लक्षणं: हीच भानगड आहे हे कसं ओळखायचं

गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते दोन तासात पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, ओकारी येते पण पडत काही नाही. तोंड कडू किंवा लोखंड चाटल्यासारखं लागतं (जुलाब-आवेवर देतात त्या मेट्रोनिडाझोलला तर हमखास). फोडणीचा वास आला की पोट वर येतं. हे सगळं रोज त्याच वेळेला होतं, आणि ज्या दिवशी गोळी राहिली त्या दिवशी माणूस ठणठणीत. नवीन गोळी लागली किंवा डोस वाढला त्यानंतरच सुरू झालंय का ते पण आठवून बघा.

ताप आहे, घरातल्या आणखी दोघांना जुलाब आहेत, तर ते खाण्यातलं आहे, गोळीला दोष देऊ नका. आणि बाईमाणसाची पाळी चुकलेली असेल तर पहिली प्रेग्नन्सी टेस्ट, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत आणि आपण इकडं सुंठ उगाळत बसलेलो असतो.

१) गोळी आणि जेवण यांची वेळ (खर्च शून्य)

आमच्या आईचं सांगतो. सकाळी सहाला थायरॉईडची गोळी, आणि त्याच घोटात शुगरची मेटफॉर्मिन पण. का? तर "एकदाचं उरकून टाकते." नंतर कोरा चहा. आठ वाजेपर्यंत मळमळून बाई आडवी. दोन महिने आम्ही पित्त पित्त म्हणून आवळा सुपारी चघळायला देत होतो.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटीच लागते, नाश्त्याच्या अर्धा-एक तास आधी. मेटफॉर्मिन मात्र जेवणाबरोबर. दोन्ही एकत्र घेतल्या की एकीचा नियम पाळून दुसरीचा मोडतो. आईची मेटफॉर्मिन आम्ही नाश्त्याच्या मधोमध आणली, म्हणजे चार घास पोटात, मग गोळी, मग उरलेलं खाणं. चार-पाच दिवसात फरक पडला, सुंठ नाही की काही नाही.

जेवणाबरोबर किंवा जेवून घ्यायच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट हे अँटिबायोटिक येतात. लोहाची गोळी खरं तर रिकाम्या पोटी जास्त अंगी लागते, पण तशी घेऊन रोज उलटी होत असेल तर लागणार काय कप्पाळ, त्यामुळं मळमळणाऱ्याला जेवणानंतर घ्यायला सांगतात. बायकोची आम्ही रात्रीच्या जेवणानंतर केली, झोपेत मळमळ कळलीच नाही. फक्त तिच्या आगंमागं दोन तास चहा नाही, चहा लोह अडवतो, लिंबू मात्र मदत करतं. पोटाचं सुरक्षाकवच म्हणून देतात ती पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, आणि हाडांची आठवड्याची अॅलेन्ड्रोनेट उपाशीपोटीच, त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

म्हणून "सगळ्या गोळ्या जेवून घ्या" असा सरसकट सल्ला मी देत नाही. चिठ्ठीवर बघा, नाही कळलं तर मेडिकलवाल्याला प्रत्येक पाकिटावर पेनानं "आधी" की "नंतर" लिहून मागा, फुकट लिहून देतात.

२) पाणी किती, आणि नंतर आडवं होता का

आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे मान्य, पण म्हणून गोळीला घोटभर पाणी नको. गोळी अन्ननलिकेत चिकटली की छातीत जळजळ आणि मळमळ दोन्ही. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक यात सगळ्यात वाईट, तिला पूर्ण ग्लास पाणी आणि नंतर निदान अर्धा तास बसून राहायचं. रात्रपाळीवरून आलेली आमची पोरं गोळी टाकून लगेच पथारीवर पडतात आणि उठल्यावर म्हणतात औषध सोसत नाही. सोसेल कसं बे. आणि हीच गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर पोटाला बरं म्हणून दुधाबरोबर घेऊ नका, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध पूर्ण लागत नाही.

३) कोरा चहा, मिश्री, उपवास

हा मुद्दा कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या भागात कितीतरी बायका सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्यातलं निकोटीन स्वतःच मळमळ आणतं, रिकाम्या पोटी तर जास्तच. आमच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या एक मावशी आहेत, लोहाच्या गोळीला वर्षभर शिव्या देत होत्या, मी विचारलं मिश्री किती वेळा, म्हणाल्या "दिसातनं चारदा, त्याचं काय?" त्याचंच तर सगळं. सुटणं सोपं नाही हे कळतं, निदान गोळीच्या वेळेपासून मिश्री लांब ठेवून बघा, पुरुषांनी तंबाखूचा बार पण तसाच.

उपवासाचं तर विचारू नका. जिल्ह्यात पंढरपूर, घरोघरी एकादशी, श्रावणात सोमवार. शुगरच्या गोळ्या चालू आणि पोटात दुपारपर्यंत काही नाही, मग मळमळ, घाम, हात थरथर. ही मळमळ गोळीच्या त्रासाची नाही, शुगर उतरल्याची आहे, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर. मशीन असेल तर लगेच चेक करा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत चेक. मशीन नसेल आणि लक्षणं तशी असतील तरी साखर द्या, वाट बघत बसू नका. इथं आलं-लिंबू देत बसलात तर माणूस बेशुद्ध पडेल. उपवास करायचाच असेल तर डोस कसा घ्यायचा ते डॉक्टरला आधी विचारा, मनानं गोळी बंद नको आणि मनानं चालू पण नको.

४) ऊन, आणि ताटातलं काय

एप्रिल-मे मधे सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीसला जातं, वर पत्र्याचं घर. अंगातलं पाणी कमी झालं की जी गोळी जानेवारीत गड्डा यात्रेच्या वेळी गुपचूप सोसत होती तीच मळमळायला लागते. एका दमात तांब्याभर पाणी पिऊ नका, ते उलटून पडतं. दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट. उलट्या झाल्या असतील तर ओआरएस, ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, अंदाजानं टाकू नका.

खाण्यात मळमळीच्या माणसाला बिस्किट द्या म्हणतात, अहो आपल्याकडं कडक भाकरी असताना बिस्किट कशाला! कोरडी, कुरकुरीत, तेल नाही, वास नाही. आत्याच्या उशाशी आम्ही डब्यात तुकडे करून ठेवायचो, उठायच्या आधी दोन तुकडे चावायची, मग पाय खाली. शेंगाचटणी मात्र तेवढे दिवस लांब ठेवा, तेल आणि तिखट दोन्ही पोटात रेंगाळतं. गरम जेवणाचा वास सहन होत नसेल तर गार दहीभात द्या. घरातल्या फोडण्या माणूस दुसऱ्या खोलीत असताना उरका.

५) आता आलं, सुंठ आणि बाकी मंडळी

वरचं सगळं चार-पाच दिवस केलं आणि तरी थोडी मळमळ उरलीच, तर इथं या.

यात आल्याचा दावा सगळ्यात भक्कम. जठर लवकर रिकामं व्हायला मदत होते, आणि आल्यातले घटक मळमळीचा निरोप नेणाऱ्या सेरोटोनिनच्या जागांवर काम करतात, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन गोळी पण तिथंच काम करते, फक्त ती कितीतरी जोरात. अमेरिकेत केमोच्या ५७६ पेशंटवर केलेला अभ्यास २०१२ मधे छापून आला, त्यात नेहमीच्या उलटीच्या औषधांबरोबर आल्याच्या कॅप्सूल दिल्या होत्या. गंमत अशी की दिवसाला अर्धा आणि एक ग्रॅमवाल्यांना जास्त आराम पडला, दीड ग्रॅमवाल्यांना तेवढा नाही. म्हणजे जास्त घातलं की जास्त गुण येतो हे डोक्यातनं काढा. आणि "बरोबर दिल्या" हे पण नीट वाचा, औषधाऐवजी नाही.

आमच्या घरातलं माप असं: चहाच्या चमच्यानं सपाट पाव चमचा सुंठ पावडर, म्हणजे जवळपास अर्धा ग्रॅम, कोमट पाण्यातनं, गोळीच्या अर्धा तास आधी. दिवसातनं दोनदा, बास. पुडीतली पावडर जुनी असते, वास उडालेला असतो, त्यापेक्षा मंगळवार पेठेतनं अख्खी सुंठ आणून घरी कुटा. ताजं आलं असेल तर बोटाच्या पेराएवढं किसून गरम पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवायचं. जास्त झालं की छातीत जळजळतं, मग लोक म्हणतात आल्यानं पित्त वाढलं, तर हो, वाढतंच. थायरॉईडच्या गोळीबरोबर मात्र हे पण नको, ती गोळी नुसत्या पाण्यानं.

आलेपाक चांगला लागतो पण शुगरवाल्यांनो, ती साखरेची वडी आहे. आमच्या आईनं आठवडाभर "औषध" म्हणून खाल्ला आणि रिपोर्ट बघून डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं.

लिंबू: पिण्यापेक्षा वास. सालीवर नख ओढायचं आणि हुंगायचं. पोटात काही जात नाही म्हणून कुठल्या औषधाशी भांडण नाही, मला हा उपाय सगळ्यात आवडतो, कारखान्यात खिशात लिंबू घेऊन फिरलोय मी. लिंबाला मीठ लावून चाटायचं असेल तर बीपीवाल्यांनी मीठ सोडा.

पुदिना: वासाला छान, चार पानं गरम पाण्यात टाकली तरी हलकं वाटतं. पण आंबट ढेकर, छातीत जळजळ असेल तर पुदिना नको, तो अन्ननलिकेच्या खालचं तोंड सैल करतो आणि आंबट पाणी आणखी वर येतं.

वेलदोडा, बडीशेप, लवंग चघळली की तोंडाचा लोखंडी-कडू स्वाद जातो, एवढंच आणि एवढंच पुरे. साखरेची रंगीत बडीशेप धरू नका.

साळीच्या लाह्यांचं पाणी हा आजीचा उपाय, आणि आत्याला केमोच्या तिसऱ्या दिवशी जेव्हा काहीच राहत नव्हतं तेव्हा हेच राहिलं. मूठभर लाह्या दोन ग्लास पाण्यात उकळायच्या, गाळायच्या, चिमूटभर मीठ, आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं. जादू नाही, पाणी आणि थोडी पेज पोटात जाते, पण उलट्यांत तेवढंच हवं असतं.

झाडपाला नाही पण फुकट आहे म्हणून सांगतो, मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात त्यांच्या मधे अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबायचं. आत्याला फरक पडायचा, आईला काही नाही.

६) हे काढे आधी बंद करा

गोळी सुरू झाली तेव्हाच कोणीतरी काढा पण सुरू करून दिलेला असतो, हे नेहमीचं. मळमळ गोळीची का काढ्याची हे मग कळतच नाही. सगळे काढे आठवडाभर बंद करून बघा. त्यात खास करून:

ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. बीपीची, लघवी वाढवणारी किंवा हृदयाची डिगॉक्सिन गोळी असेल तर हात लावू नका. गुळवेल: २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तो वाद त्यांच्यापाशी. पण टीबीच्या गोळ्या आधीच लिव्हरवर भार टाकतात, त्यात भर कशाला, भावाला आलेला गुळवेलीचा काढा मी सरळ मोरीत ओतला, चुलते अजून बोलत नाहीत. इसबगोल वाईट नाही, पण गोळीच्या आगंमागं दोन तासात नको, औषधाला गुरफटून घेतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, वॉरफरिन किंवा असिट्रॉम, चालू असतील तर सुंठ-हळदीच्या कॅप्सूल, रोजचा आल्याचा काढा हे डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. भाजीत पडतं तेवढं आलं वेगळं. केमोवाल्यांनी कुठलाही झाडपाला, अगदी सुंठसुद्धा, आधी कॅन्सरच्या डॉक्टरला सांगून. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्ची पुदिना चटणी, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फ हे अजिबात नाही, तेव्हा साधं इन्फेक्शन पण जिवावर येतं. गरोदर बाईचं आणि लहान पोराचं पण आधी विचारूनच.

७) फोन करा, पण मनानं गोळी बदलू नका

इथवर येऊन जमलं नाही तर आता आपल्या हातातलं संपलं. डॉक्टरला विचारायचं: वेळ बदलता येईल का, डोस कमी करून हळूहळू वाढवता येईल का, हळू विरघळणारी गोळी मिळेल का (मेटफॉर्मिनची मिळते, पोटाला बरीच सौम्य), की औषधच दुसरं देता. वजन-शुगरचं आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन असेल तर मळमळ सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर येतेच, थोडं थोडं खा आणि पोट भरायच्या आधी उठा, तरी नाही जमलं तर पुढचा डोस वाढवायच्या आधी बोला.

उलटीची गोळी स्वतःच मेडिकलमधनं आणून रोज खाऊ नका. डॉमपेरिडॉन, ऑन्डान्सेट्रॉन यांनी काही जणांच्या हृदयाच्या ठोक्याची लय बिघडते, बरोबर अॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक असेल तर धोका वाढतो. मेटोक्लोप्रामाइडनं काही तरुण पोरांची मान-जबडा वाकडा होतो, बघितलंय मी, भुताटकी समजून लिंबू उतरवत होते.

टीबीची गोळी मळमळते म्हणून चार दिवस सोडली असं कोणी करू नका. जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि सहा महिन्यांचं लांबत जातं. सेंटरला जाऊन सांगा, ते वेळ बदलून देतात, लिव्हरची टेस्ट करतात.

कधी थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शी (लोहाच्या गोळीनं शी काळी होते ते नॉर्मल, पण चिकट आणि वास वेगळा असेल तर नाही). डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी. टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीनं लघवी पहिल्या दिवसापासून केशरी होते ते घाबरायचं नाही, पण त्याबरोबर डोळे पिवळे, भूक पूर्ण गेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी त्याच दिवशी डॉक्टर.

पोटात असह्य दुखणं, विशेषतः पाठीत जाणारं. डिगॉक्सिन चालू आहे आणि मळमळीबरोबर सगळं पिवळसर दिसतंय किंवा ठोके चुकतायत. आठ तास लघवी नाही, जीभ कोरडी, माणूस बरळतोय. चोवीस तासात पाणीसुद्धा राहत नाही, मग मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी तशीच चालू ठेवायची का हे लगेच विचारा, अंगातलं पाणी संपलेलं असताना त्यांनी किडनीचं गणित बिघडू शकतं. केमोनंतर ताप आला तर मध्यरात्र असली तरी फोन. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, छातीत कळ आली, फिट आली तर १०८ ला फोन, गाडी फुकट येते, रिक्षा शोधत बसू नका.

जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घाला, काढ्याची बाटली पण, लाजू नका. कागदावर कुठली गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, मळमळ किती वाजता, एवढं तीन दिवसांचं लिहून न्या. आईच्या वेळी हा कागद बघूनच डॉक्टरनं दोन मिनिटात सांगितलं होतं. औषधाचा वाईट परिणाम कळवायला सरकारची टोल फ्री लाईन पण आहे, १८०० १८० ३०२४.

आणि एक रोज विचारतात ते: गोळी उलटून पडली तर परत घ्यायची का? किती मिनिटांनी उलटी झाली आणि त्यात अख्खी गोळी दिसली का हे बघून ठेवा आणि डॉक्टरला किंवा मेडिकलवाल्याला फोन करून विचारा. शुगर, रक्त पातळ करायची, हृदयाची आणि केमोची गोळी मनानं दुसऱ्यांदा कधीच नाही.